आकाशयानाचें शिक्षण आणि आमचें कर्तव्य

सन २०२३ च्या ऑगस्ट महिन्याच्या २३ तारखेस सायंकाळीं सहा वाजून चार मिनिटांनीं ‘चांद्रयान–३’ चें ‘विक्रम’ नांवाचें यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशांत सुखरूप उतरलें. त्या वेळीं आमच्या पूनम सागर वसाहतींत जो जयघोष झाला, तो ज्यांनीं ऐकला त्यांस त्याचें विस्मरण होणार नाहीं. एरवीं ज्या इमारतींत एका मजल्यावरील बिऱ्हाडास दुसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडाचें नांवहि ठाऊक नसतें, तेथें त्या सायंकाळीं लोक दारें उघडून परस्परांस पेढे देत होते. दुसऱ्या दिवशीं वर्गांत पाहावें तों प्रत्येक बाकावर एक एक भावी शास्त्रज्ञ बसलेला. आणि आठ दिवस लोटतात न लोटतात तोंच पालक शाळेंत येऊं लागले. सर्वांचा प्रश्न एकच : “मुलाला इस्रोंत घालावयाचें आहे, क्लास कोणता लावूं?”

प्रश्न रास्त होता. मिरा रोड स्टेशनावर पहांटेच्या गाडींत पाय ठेवण्यापुरती जागा मिळावी म्हणून झगडून जो गृहस्थ बारा तास घराबाहेर असतो, त्यानें आपल्या मुलाच्या भवितव्याची वाट कोणास तरी विचारावी, आणि तीहि थोडक्यांत विचारावी, यांत त्याचा दोष नाहीं. दोष आमचा होता. आम्हीं त्यांस प्रवेशपरीक्षांचीं नांवें सांगितलीं, मुलाला गणिताकडे लक्ष द्यावयास लावा असें बजाविलें आणि मोकळे झालों. मूल आठवींत होतें, प्रवेशपरीक्षा चार वर्षांपुढें होती. मधल्या चार वर्षांत त्यानें काय करावें याविषयीं आम्हीं अवाक्षर काढलें नाहीं. कारण खरें सांगावयाचें तर त्याचा विचारच आम्हीं कधीं केला नव्हता.

ही आमची उणीव आणखी एका प्रसंगीं उघडी पडली. ती सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्याच वर्षीं एका विज्ञानप्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसण्याचा मान आम्हांस मिळाला होता. दालनांत जिकडे तिकडे थर्मोकोलचे अग्निबाण उभे होते. त्यांतील सर्वांत उंच व देखण्या अग्निबाणाच्या पोटांत रंगीत दिवे लागत. अग्निबाणास टप्पे कशासाठीं असतात, असें आम्हीं विचारतांच त्या मुलानें मागें उभ्या असलेल्या आपल्या वडिलांकडे पाहिलें. दालनाच्या अगदीं टोकास सातवींतील एक मुलगी बसली होती. तिच्यापुढें होता तो कंपासपेटींतील कोनमापक, त्याला बांधलेला दोरा, दोऱ्यास लोंबणारा एक लोखंडी नट आणि नेम धरण्यासाठीं चिकटविलेली सरबत पिण्याची नळी. एवढ्या साधनांवर तिनें आपल्या सात मजली इमारतीची उंची मोजली होती. तीन वेळां मोजली, आणि २१, २३ व २२ मीटर अशीं तीन निरनिराळीं उत्तरें आलीं. तिनें तीं तिन्ही लिहून ठेवलीं होतीं आणि खालीं कारणें दिलीं होतीं : वाऱ्यानें दोरा हलतो, माझें पाऊल प्रत्येक वेळीं सारखें पडत नाहीं.

आम्हीं पहिलें बक्षीस दिव्यांच्या अग्निबाणास दिलें. मुलीच्या कागदावर ‘उत्तर निश्चित नाहीं’ असा शेरा आहे, आणि अक्षर आमचें आहे.

मोजावें, पुन्हा मोजावें, फरक आला तर तो लपवूं नये, आणि तो कां आला याचा पिच्छा सोडूं नये, ही ज्याची वृत्ति त्याचीच अवकाशविद्येंत गरज असते. ती त्या मुलीच्या अंगीं होती. ती ओळखण्याचें ज्यांचें काम, त्यांच्या डोळ्यांवर मात्र रंगीत दिव्यांची झांपड होती.

भाईंदरच्या खाडीकांठचीं मिठागरें ज्यांनीं जवळून पाहिलीं आहेत, त्यांस आमचें म्हणणें लवकर उमगेल. भरतीच्या पाण्याचें एकदम मीठ होत नाहीं. तें प्रथम मोठ्या तळ्यांत घेतात, तेथून उथळ वाफ्यांत सोडतात. उन्हानें आटून तें दाट झालें म्हणजे पुढच्या वाफ्यांत. आणि असें होत होत अखेरच्या वाफ्यांत मिठाचे दाणे धरूं लागतात. मधला एखादा बांध फुटला तर अखेरच्या वाफ्यावर कितीहि पाळत ठेवली तरी हातीं मीठ लागत नाहीं. आमच्या शिक्षणाची आज अशी तऱ्हा झाली आहे कीं, सर्वांचे डोळे शेवटच्या वाफ्याकडे, म्हणजे बारावीच्या प्रवेशपरीक्षेकडे लागलेले. बांध कोठें फुटले आहेत हें पाहण्यासाठीं चिखलांत उतरावयास कोणी तयार नाहीं.

पहिला बांध फुटतो तो पांचवी–सहावींत. ‘असें कां?’ हा प्रश्न त्या वयांत मूल दिवसांतून वीस वेळां विचारतें. आणि अभ्यासक्रम संपविण्याची घाई झालेले आम्ही शिक्षक त्यास ‘पुढल्या वर्षीं कळेल’ म्हणून गप्प बसवितों. प्रयोगशाळेचें कपाट कुलुपांत. परीक्षानळी फुटली तर हिशेब द्यावा लागतो, तेव्हां ती मुलाच्या हातांत न देणें हेंच सोयीचें ठरतें. कित्येक शाळांतून मुलें प्रयोग ‘पाहतात’. पोहणें कांठावरून पाहून कोणास आलें आहे?

दुसरा बांध आठवी–नववींतील गणिताचा. बीजगणितांत ‘क्ष’ आला कीं निम्म्या मुलांचा धीर सुटतो, आणि मग गणित समजून घेण्याची गोष्ट न राहतां पाठ करण्याची होते. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संस्थेमार्फत सहावी व नववीच्या मुलांसाठीं डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेतली जाते. तींत लेखी परीक्षेपुढें प्रात्यक्षिक असतें, स्वतःचा लहानसा प्रकल्प करावा लागतो. हेतु अत्यंत स्तुत्य आहे. परंतु आतां त्या प्रात्यक्षिकाचेहि क्लास निघाले आहेत, आणि तेथें प्रयोगाचें उत्तर आधीं सांगून मग प्रयोग करवितात असें आम्ही ऐकतों. ह्यास विज्ञान म्हणावयाचें तर पोपटपंचीस वेदाभ्यास म्हणण्यास हरकत नसावी.

तिसरा बांध दहावीनंतरचा. आमच्या मतें सर्वांत मोठें भगदाड येथेंच आहे, आणि त्याविषयीं आम्ही थोडें विस्तारानें लिहिणार आहों. अवकाशसंशोधन म्हटलें कीं पालकांच्या डोळ्यांपुढें पडद्यांसमोर बसलेले शास्त्रज्ञ उभे राहतात. परंतु पडद्यावर जो अग्निबाण दिसतो तो कोणी तरी पोलाद कापून, वांकवून, सांधून उभा केलेला असतो, ही गोष्ट कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पुणें जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर आहे. उसाच्या मळ्यांत वसलेलें आणि साखर कारखान्यामुळें वाढलेलें हें गांव. साखर कारखान्यांस लागणारी अवजड यंत्रें तेथें बनत आलीं, आणि गेल्या कित्येक दशकांपासून घन इंधनाच्या अग्निबाणांचीं पोलादी कवचेंहि तेथें बनतात. ज्या वाहनानें चांद्रयान–३ वर नेलें त्याच्या दोहों अंगांस घन इंधनाचे दोन प्रचंड अग्निबाण होते. अशा एकेका अग्निबाणाचा व्यास ३.२ मीटर असतो. म्हणजे आपल्या राहत्या खोलीचें छत जमिनीपासून जितकें उंच त्याहूनहि कांहींसा अधिक. त्याच्या पोटांत दोनशें टनांहून अधिक इंधन असतें, आणि तें सारें सुमारें दोन मिनिटांत जळून जातें. तेवढा वेळ आंतील आग व दाब ह्यांना तोंड द्यावयाचें काम त्या कवचाचें, त्यावरील प्रत्येक सांध्याचें. सांधा दगा देतो तेव्हां काय होतें हें जगानें ता. २८ जानेवारी १९८६ रोजीं पाहिलें आहे : अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ यानाच्या घन इंधनी अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कडें थंडीनें ताठरलें, त्यांतून ज्वाला बाहेर पडली आणि सात माणसें प्राणांस मुकलीं.

इतकें दूर तरी कशाला जावें? विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यांत द्रव इंधनावर चालणारीं ‘विकास’ इंजिनें तयार होतात. मिरा रोडहून निघालेला मनुष्य दादरला गाडी बदलून तेथें पोहोंचूं शकतो. असलीं कामें करणारे सर्वच हात पदवीधरांचे असतात असें नाहीं. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर ह्यांच्या हातचीं तीं कामें आहेत. खुद्द इस्रो आपल्या केंद्रांसाठीं दहावीनंतर आय.टी.आय. चें प्रमाणपत्र घेतलेल्यांची तंत्रज्ञ म्हणून, आणि डिप्लोमा घेतलेल्यांची तांत्रिक सहायक म्हणून भरती करीत असते. तरीहि आमच्या वसाहतींत ‘आय.टी.आय.’ हा शब्द उच्चारतांच आईबापांचे चेहरे उतरतात. ज्या मुलाला बिघडलेला पंखा खोलून पुन्हा जोडतां येतो, त्याला आम्ही गुण कमी पडले म्हणून ‘ढ’ म्हणतों. तो कसाबसा कोठल्या तरी महाविद्यालयांत ढकलला जातो आणि तीन वर्षांनीं हातचें कसबहि विसरून बाहेर पडतो. गरिबाच्या मुलानें कारखान्यांत जावें व सुखवस्तु माणसाच्या मुलानें पदवी घ्यावी, असें सुचविण्याचा आमचा हेतु आहे असा ग्रह मात्र कोणीं करून घेऊं नये. आमचें म्हणणें याच्या अगदीं उलट आहे. पदवी घेणाऱ्या मुलानेंहि कानस हातांत धरलेली असावी, आणि कानस धरणाऱ्या मुलास त्रिकोणमिति यावी.

हातानें काम करण्याची लाज ज्यांनीं बाळगली नाहीं, त्यांनींच आपल्या देशांत ह्या विद्येचा पाया घातला. केरळांत त्रिवेंद्रमजवळ थुंबा नांवाचें कोळ्यांचें गांव आहे. आमच्या उत्तन–डोंगरीसारखेंच, समुद्रकांठचें, नारळीच्या झाडांचें, मधोमध चर्च असलेलें. पृथ्वीचें चुंबकीय विषुववृत्त त्या गांवाजवळून जातें, म्हणून वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करण्यास ती जागा विक्रम साराभाई व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पसंत केली. तेथील बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनीं आपल्या लोकांची संमति घेऊन सेंट मेरी मॅग्डलीन चर्चची इमारत व भोंवतालची जागा ह्या कार्यास दिली. चर्चची यंत्रशाळा झाली, बिशपांच्या निवासांत कचेरी थाटली, आणि ता. २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं तेथून पहिला अग्निबाण आकाशांत गेला. अग्निबाण अमेरिकेंत बनलेला होता, ही गोष्ट आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. तो जोडणारे व उडविणारे हात मात्र आपले होते. त्या आरंभींच्या मंडळींत असलेले प्रमोद काळे पुढें तेथल्याच विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. कोल्हापुरांत शिकलेले वसंत गोवारीकर यांनींहि तें पद भूषविलें. आपल्या देशांत घन इंधन तयार होऊं लागलें त्यांत त्यांचा वांटा फार मोठा आहे.

त्या काळच्या बैलगाडीचें एक छायाचित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. सन १९८१ मध्यें सोडलेल्या ‘ॲपल’ ह्या उपग्रहाची चांचणी बैलगाडीवर ठेवून घेतली गेली, त्याचें तें चित्र. पुष्कळ लोक तें पाहून आपल्या तेव्हांच्या दारिद्र्याची कींव करतात. वास्तविक तेथें दारिद्र्यापेक्षां विचार अधिक होता. मोटारीच्या लोखंडी सांगाड्यामुळें उपग्रहाच्या संदेशग्राहकाच्या मापांत बिघाड आला असता; गाडी लांकडाची असली म्हणजे तो प्रश्न उरत नाहीं. असलाच विचार त्यापूर्वीं पाऊणशें वर्षें आपल्या मुंबईंत झाला होता. कुलाब्याच्या वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें घेतलीं जात असत. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरल्यावर त्या विजेनें मापें बिघडतील हें ओळखून तें काम समुद्रापलीकडे अलिबागेस हलविलें, आणि सन १९०४ पासून तेथें तें चालूं आहे. शंभराहून अधिक वर्षें रोजच्या रोज एकच गोष्ट मोजीत राहणें ही करमणूक नव्हे. परंतु सूर्यावरील वादळांचा पृथ्वीवर व उपग्रहांवर काय परिणाम होतो हें समजण्यास असल्याच जुन्या वह्या उपयोगी पडतात.

वह्यांवरून आठवलें. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं ‘स्वयम्’ नांवाचा सुमारें एक किलो वजनाचा उपग्रह बनविला. तो ता. २२ जून २०१६ रोजीं श्रीहरिकोट्याहून वर गेला. त्याच वर्षीं २६ सप्टेंबरला पवईच्या आय.आय.टी. तील विद्यार्थ्यांचा दहा किलो वजनाचा ‘प्रथम’ हा उपग्रह गेला. वर्तमानपत्रांत बातमी येते ती उड्डाणाच्या दिवसाची. आम्हांस त्यामागील काळाचा हिशेब अधिक मोलाचा वाटतो. ‘स्वयम्’ चें काम सन २००८ च्या सुमारास सुरू झालें. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. म्हणजे ज्या मुलांनीं आरंभ केला तीं उड्डाणाच्या कितीतरी आधींच पदवी घेऊन बाहेर पडलीं होतीं. त्यांनीं केलेलें काम पुढच्या मुलांनीं उचललें, त्यांचें त्यांच्या पुढच्यांनीं. आपण ज्याचें फळ पाहणार नाहीं असें काम नीट लिहून, समजावून दुसऱ्याच्या स्वाधीन करणें हा गुण कोणत्या परीक्षेंत तपासला जातो? आमच्या शाळांतून तर वर्ष संपलें कीं वह्या रद्दींत जातात.

भाषेच्या बांधाविषयीं थोडेंच लिहितों. मराठी माध्यमांतून दहावी झालेलें हुशार मूल अकरावींत इंग्रजी पारिभाषिक शब्दांच्या गर्दींत बावरतें आणि आपली बुद्धीच कमी आहे असें समजूं लागतें. त्यास सांगावें कीं, शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशानें शाळामास्तर होते, आणि भारतीय ज्योतिषाचा त्यांचा मोठा इतिहास, जो सन १८९६ मध्यें प्रसिद्ध झाला, तो मराठींत आहे. आपल्याच काळांत डॉ. जयंत नारळीकर यांनीं विश्वाच्या उत्पत्तीविषयीं संशोधन करीत असतांना मुलांसाठीं मराठींत कथा लिहिल्या. पुण्यास त्यांनीं उभ्या केलेल्या ‘आयुका’ संस्थेंत मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, आणि तेथें आगपेटीच्या काड्या व टाकाऊ वस्तु घेऊन अरविंद गुप्ता यांनीं वर्षानुवर्षें मुलांना शास्त्रीय खेळणीं करावयास शिकविलें. इंग्रजी आलेंच पाहिजे, यांत शंका नाहीं. परंतु कल्पना आधीं आपल्या भाषेंत पक्की बसली तर परका शब्द तिच्यावर टोपीसारखा चढवितां येतो. डोकेंच नसेल तर टोपी कोठें घालावी?

आतां ज्यांस नेमके दरवाजे हवे आहेत त्यांच्यासाठीं चार ओळी. इस्रोनें सन २०१९ पासून ‘युविका’ नांवाचा उपक्रम सुरू केला आहे. नववींतील निवडक मुलांस त्यांत उन्हाळ्याच्या सुट्टींत संस्थेच्या केंद्रांत राहून शिकण्यास मिळतें. निवडींत आठवीच्या गुणांबरोबर विज्ञानप्रदर्शनें, खेळ, स्काउट अशा गोष्टींसहि स्थान आहे. बारावीनंतर पदवीसाठीं त्रिवेंद्रमजवळ वलियमला येथें सन २००७ मध्यें स्थापन झालेली भारतीय अवकाश विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे. तिच्या अभियांत्रिकीच्या पदवीसाठीं प्रवेश जे.ई.ई. ॲडव्हान्स्ड परीक्षेच्या गुणांवर मिळतो. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था तर आपल्या लोकलच्या पल्ल्यांत आहे. सन २०१५ मध्यें गेलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ वेधशाळेचीं महत्त्वाचीं उपकरणें तेथें तयार झालीं. शिवाय सन २०२० पासून सरकारनें हें क्षेत्र खाजगी उद्योगांस खुलें केलें असून ता. १८ नोव्हेंबर २०२२ रोजीं हैदराबादच्या एका तरुण कंपनीचा ‘विक्रम–एस’ अग्निबाण उडालाहि. म्हणजे ‘इस्रोंत घालावयाचें’ एवढाच आतां एक मार्ग राहिलेला नाहीं.

येथें एक सुज्ञ पालक आम्हांस अडवितील, आणि त्यांनीं अडविलेंच आहे. ते म्हणतात : “जागा मोजक्या, उमेदवार लाखों. आमच्या मुलांना तुम्ही आकाश दाखवितां, आणि उद्यां तीं जमिनीवरहि नीट उभीं राहिलीं नाहींत तर त्याला जबाबदार कोण?” आक्षेप खरा आहे, आणि गोड बोलून तो उडवून लावणें आम्हांस शोभणार नाहीं. शंभरांतील नव्याण्णव मुलें अवकाशसंस्थेंत जाणार नाहींत. परंतु उंची तीन वेळां मोजून तिन्ही उत्तरें प्रामाणिकपणें लिहिणारी मुलगी इस्पितळाच्या रक्ततपासणींत, पुलाच्या बांधकामावर, बँकेच्या हिशेबांत, कोठेंहि गेली तरी तेथें तिचें मोल राहील. दिव्यांच्या अग्निबाणाचें बक्षीस घेऊन गेलेल्या मुलाजवळ काय राहिलें? त्याचें आम्हांस अधिक वाईट वाटतें. कारण त्याची फसवणूक करण्यांत आमचा हात होता. आणि अवकाशविद्येचें काम केवळ श्रीहरिकोट्यास चालतें असेंहि नाहीं. ता. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं आपल्या शेजारच्या पालघर येथें मासेमारी नौकांवर संदेशयंत्रें बसविण्याच्या देशव्यापी योजनेचा आरंभ झाला. एक लक्ष नौकांवर तीं बसावयाचीं आहेत. यंत्र इस्रोनें तयार केलें असून त्यामुळें भर समुद्रांतील नौकेस उपग्रहामार्फत किनाऱ्याशीं बोलतां येतें. असलीं यंत्रें उद्यां खाऱ्या वाऱ्यानें गंजतील, बिघडतील. उत्तनच्या बंदरांत तीं दुरुस्त करणारा मुलगा कोळीवाड्यांतलाच कां नसावा?

कांहीं आईबाप मुलींच्या बाबतींत दूरच्या गांवची नोकरी म्हणून कां कूं करतात. चांद्रयान–२ च्या प्रकल्प–संचालक एम. वनिता व मोहीम–संचालक रितु करिधाल ह्या दोघीहि स्त्रिया होत्या, एवढें त्यांस सांगावें. अधिक वाद घालूं नये.

तेंच चांद्रयान–२ चें उदाहरण आम्ही वर्गांत आणखी एका कारणासाठीं घेतों. ता. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहांटे त्याचें यान चंद्रावर उतरतां उतरतां आदळलें. त्याहि पूर्वीं, ता. १० ऑगस्ट १९७९ रोजीं एस.एल.व्ही.–३ हा आपला पहिला उपग्रहवाहक बंगालच्या उपसागरांत पडला, आणि ता. १८ जुलै १९८० रोजीं त्याच जातीच्या वाहनानें उपग्रह कक्षेंत नेऊन ठेवला. अगदीं अलीकडे, मे २०२५ मध्यें, पी.एस.एल.व्ही. सारखें भरंवशाचें वाहनहि तिसऱ्या टप्प्यांत बिघडलें. प्रत्येक वेळीं माणसें बसलीं, मापांचे कागद पुढें घेतले आणि चूक कोठें झाली तें शोधूं लागलीं. आमच्या शाळेंत चुकलेल्या गणितावर तांबडी फुली पडते आणि मूल पान उलटतें. फुलीनंतर तें गणित पुन्हा उघडून ‘मी कोठें चुकलों’ हें एका वाक्यांत लिहावें, आणि त्या वाक्यास गुण मिळावे, अशी पद्धति आम्ही ह्या वर्षीं आठवीच्या वर्गांत सुरू केली आहे. मुलांना प्रथम ती शिक्षा वाटली. पालकांपैकीं कांहींनीं ‘चुकीला गुण कसले?’ म्हणून विचारणा केली. आतां मुलें त्या वाक्यांत रंगूं लागलीं आहेत. एकानें लिहिलें, ‘मला उत्तर आधींच माहीत होतें म्हणून मी मधल्या पायऱ्या बनावट लिहिल्या.’ इतका खरा मजकूर आम्हीं वहींत पूर्वीं कधीं वाचला नव्हता.

प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली दर शनिवारीं वर्गप्रमुखाकडे द्यावी, फुटलेल्या नळ्यांची भरपाई शाळेनें सोसावी, असाहि प्रस्ताव आम्हीं मांडला आहे. तो अद्याप विचाराधीन आहे, म्हणजे काय हें वाचक जाणतात. जवळच्या आय.टी.आय. मध्यें नववीच्या मुलांची व त्यांच्या पालकांची, विशेषतः पालकांची, एक सहल न्यावी असें आमच्या मनांत आहे.

आणि एक काम असें आहे कीं, त्यास कोणाच्या मंजुरीची गरज नाहीं. आपल्या भागांत मे महिन्याच्या मध्यास एक दिवस असा येतो कीं, दुपारीं उभ्या काठीची सावली नाहींशी होते. जुलैच्या अखेरीस तसा योग पुन्हा येतो, परंतु तेव्हां ढग सूर्य दिसूं देत नाहींत. मे महिन्यांत शाळेस सुट्टी, म्हणून हा चमत्कार पाठ्यपुस्तकांत वाचलेल्या मुलांनींहि डोळ्यांनीं पाहिलेला नसतो. येत्या मे महिन्यांत आम्ही आपल्या इमारतीच्या गच्चीवर एक सरळ काठी, एक ओळंबा व एक वही घेऊन बसणार आहों. पंधरवडाभर रोज दुपारीं सावली मोजावयाची. सावली सर्वांत आंखूड होते ती बारा वाजतां नव्हे, तर बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास. तसें कां, हें ज्यास शोधावयाचें असेल त्यानें भूगोलाच्या नकाशांत ८२½ अंशांची रेखा पाहावी व मग आपली रेखा पाहावी. तेंच माप त्याच दिवशीं केरळांतील एखाद्या शाळेनें घेतलें तर दोन सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढतां येतो, आणि त्यासाठीं तशा शाळेस पत्र धाडलें आहे.

वर उल्लेखिलेली मुलगी आतां पुढच्या वर्गांत गेली आहे. वही तिनें ठेवावी अशी विनंती आम्हीं तिला केली. तिनें मान्य केलें, मात्र एक अट घातली : गच्चीवर वारा फार असतो, तेव्हां ओळंब्याचें वजन जड हवें. तें आम्ही लोहाराकडे करावयास टाकलें आहे. गच्चीची किल्ली सोसायटीच्या चिटणिसांकडे असते. ज्या इमारतींतील मुलांस यावयाचें असेल त्यांनीं ती एप्रिलच्या आंत मागून ठेवावी.